रविवारचा बाप

लॉरकन टूहीचं तोंड आठवडाभर कात्रीच्या बरोबरीने चालायचं, आणि रविवारी मात्र सहा वर्षांच्या स्वतःच्या पोरीशी काय बोलावं हे त्याला सुचायचं नाही.

डब्लिनच्या केपल स्ट्रीटवर म्हाताऱ्या गिलूलीचं सलून होतं. तिथे खिडकीजवळची खुर्ची लॉरकनची. गिऱ्हाईक येऊन बसलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली, की त्याची गाडी सुटायची. हवा, कालची मॅच, सरकार, घोडे, कोणाच्या मेहुण्याने कुठे काय दिवे लावले ते सगळं.

"मागून अजून चांगले दाट आहेत हो," टक्कल पडत चाललेल्या माणसाला तो आरशातून सांगायचा. "बायकोकडे पाठ करून बसत जा."

"ती तेच म्हणते. पाठ कर आणि झोप," गिऱ्हाईक म्हणायचं, आणि सगळं दुकान हसायचं.

"लॉरकन, अरे बाबा," गिलूली गल्ल्यावरून ओरडायचा, "बाकावर माणसं म्हातारी होतायत. त्यांचे केस गळायच्या आत हात चालव जरा."

अशा माणसाच्या घरात बोलणंच संपलंय, हे दुकानात कोणाच्या मनातही आलं नसतं. भांडण असं काही झालं नव्हतं. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. बायकोचं, इमेल्डाचंही, दुसरीकडे कुठे मन नव्हतं. पण संध्याकाळी तो घरी यायचा, जेवायचा, पेपर उघडायचा आणि पेपरामागे नाहीसा व्हायचा. एक दिवस ताटल्या उचलता उचलता इमेल्डा म्हणाली, "तू सगळा दुकानात खर्च होऊन येतोस, लॉरकन. माझ्या वाट्याला येतो तो कोट आणि टोपी." तो काहीतरी उत्तर शोधत राहिला. सापडलं तेव्हा ती झोपली होती. आणि सापडलं होतं तेही धड नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती पोरीला, ब्रोनाला, घेऊन शहरातच क्रमलिन भागात आईकडे राहायला गेली. तेव्हा त्या देशात घटस्फोट नावाची गोष्ट कायद्यातच नव्हती, त्यामुळे शेजारीपाजारीही त्या गोष्टीला नाव देत नसत. "इमेल्डा आईकडे असते हल्ली. आईची तब्येत बरी नसते ना," असं म्हणायचे. इमेल्डाची आई, मिसेस हॅलिगन, बैलासारखी ठणठणीत होती. फादर एकदा दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालून गेले. दोघांनीही माना डोलावल्या, चहा घेतला, आणि लॉरकन एकटाच बसने परत आला. भाड्याचं घर सोडून त्याने रॅथमाइन्सला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. पलंग, शेगडी, बेसिन. घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, पाहुणे चालणार नाहीत, आणि लहान मूल तर मुळीच नाही.

ठरलं ते असं, की रविवारी दुपारची जेवणं झाली की त्याने ब्रोनाला घेऊन जायचं आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळेला आणून सोडायचं.

न्यायचं कुठे, हे कोणी ठरवलं नव्हतं. रविवारी सगळं शहर आपापल्या घरात जेवून सुस्त पडलेलं असतं. दुकानं बंद. पहिले काही रविवार ती दोघं बागेत बदकांना पाव टाकत बसली. मग बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं, असं सुरू झालं. ब्रोना शहाण्यासारखी गुडघे जुळवून बसायची. लॉरकन विचारायचा, "शाळा कशी चाललीय?" ती म्हणायची, "बरी." मग दोघंही समोरच्या काचेवरून ओघळणारं पाणी बघायची.

एका रविवारी मिसेस हॅलिगननी दार अर्धंच उघडलं. "आज पोरीला भिजवून आणू नकोस. मागच्या खेपेला आठवडाभर शिंकत होती."

"पाऊस काय माझ्या हातात आहे का, मिसेस हॅलिगन?"

"तुझ्या हातात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. कात्री. जा आता."

त्या दिवशी भिजायचं नाही म्हणूनच तो तिला मेरियन स्ट्रीटच्या संग्रहालयात घेऊन गेला. शहरातले लोक त्याला मेलेल्यांचा झू म्हणतात. आत जायला पैसे पडत नाहीत. बाहेरच्यापेक्षा जरा ऊब असते, आणि कोणी "काय हवंय?" म्हणून विचारत नाही. लॉरकन लहानपणी शाळेबरोबर एकदा तिथे आला होता, त्यानंतर आजच.

दारातून आत पाऊल टाकताच समोर दलदलीत सापडलेल्या हरणांचे सांगाडे उभे. शिंगं एवढी पसरलेली, की ब्रोनाने आपोआप त्याचं बोट धरलं. कितीतरी आठवड्यांत तिने आपण होऊन त्याला हात लावला नव्हता. लॉरकनने बोट तसंच ताठ ठेवलं, हलवलं तर ती सोडून देईल अशी त्याला भीती वाटली.

"यांना कोणी मारलं?"

"कोणी नाही. चिखलात रुतले."

"मग त्यांच्या आईने काढलं का नाही?"

तो तिला घेऊन जिना चढला. वर पेंढा भरलेली जनावरं दाटीवाटीने उभी होती. गेंडा, पाणघोडा, अस्वलं, माकडं, आणि छतातून देवमाशांचे सांगाडे लोंबकळत होते. डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कातड्याचा वास. लॉरकन तोंडाने श्वास घेऊ लागला. तेवढ्यात त्याची नजर गव्यासारख्या एका केसाळ जनावरावर गेली. कसर लागून त्याच्या मानेवरची आयाळ जागोजागी झडली होती. लॉरकन न्हावी होता, त्याला राहवलं नाही.

"हे बघ. ह्याचं काम अर्ध्यात टाकून कोणीतरी चहाला गेलंय."

ब्रोनाने त्याच्याकडे बघितलं.

"खरंच सांगतो. हा जर आमच्या दुकानात शिरला ना, तर गिलूली आतून कडी लावून घेईल. आणि हे बघ, हे माकड. ह्याचे कल्ले. ह्याला म्हणावं, साहेब, ही फॅशन गेली आता, लग्नाला जायचं असेल तर थोडे कमी करू या का?"

ब्रोना खुदकन हसली. मग हात तोंडावर दाबून हसली, कारण टोपीवाला पहारेकरी त्यांच्याकडेच बघत होता. लॉरकनला तर अंगात वारं शिरल्यासारखं झालं. अस्वलाला त्याने दाढी कोरायला सांगितली, सिंहाला दर आठवड्याची वेळ ठरवून दिली, आणि पाणघोड्यापुढे टोपी काढून म्हणाला, "माफ करा साहेब, तुमच्यासाठी आमच्याकडे काहीच काम नाही."

बसमध्ये ब्रोना त्याच्या दंडाला टेकून झोपली. 'हिला जनावरं आवडतात,' लॉरकनने मनाशी पक्कं केलं. एक प्रश्न सुटला होता.

मग दर रविवारी तेच. पहारेकऱ्याचं नाव कोइन. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेलाच तो म्हणाला, "आलात? सगळे तिथेच आहेत. काळजी करू नका, एकही पळाला नाही." ब्रोनाला तो 'इन्स्पेक्टर' म्हणायचा, कारण ती प्रत्येक कपाटापुढे हात मागे बांधून उभी राहायची.

तिथे नेहमी येणारे आणखीही होते. लॉरकनला ते हळूहळू ओळखू येऊ लागले. एकेकटे बाप, हाताशी एकेक मूल. अंगात शर्ट इस्त्रीचा, पण इस्त्री स्वतः केलेली, म्हणून कॉलरपाशी एक घडी चुकलेली. मुलाच्या हातात गोळ्यांची पिशवी, नेहमीच जरा जास्त मोठी. आणि त्यांचं ते घड्याळाकडे बघणं. आधी वेळ जात नाही म्हणून, आणि शेवटी वेळ संपली म्हणून. समोरासमोर आले की ते एकमेकांना मान हलवून नमस्कार करायचे आणि बाजूला व्हायचे. इतक्या वर्षांत त्यांतल्या एकाशीही लॉरकन बोलला नाही. दुकानात मेलेल्या माणसालाही बोलतं करील असा तो, पण इथे विचारणार काय? "तुमची कुठे असते?" असं?

वर्षं गेली. ब्रोना उंच झाली, दात पडले, नवे आले. लॉरकनचे विनोदही तेच राहिले नाहीत, त्याने एकेका जनावराला घरदार, सासू, नोकरी सगळं लावून दिलं. गेंड्याची बायको त्याला सोडून गेली आहे, असं मात्र त्याने कधी म्हटलं नाही. त्या बाजूला तो जायचाच नाही. कोट चढवता चढवता ब्रोना कधीकधी आपण होऊन विचारायची, "आज सिंहाची दाढी करणार का?" आणि त्याचा पुढचा सगळा आठवडा बरा जायचा.

ती बारा वर्षांची झाली, तेव्हा एका रविवारी बसमध्ये म्हणाली, "डॅडी, आज दुसरीकडे जायचं का?"

"का ग? कंटाळा आला?"

"नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलींनी मला तिथून बाहेर पडताना बघितलं."

"मग?"

"मग काही नाही."

त्या दिवशी ती दोघं बर्गरच्या दुकानात बसली. टेबल छोटं होतं, समोरासमोर बसावं लागलं. बघायला गेंडा नव्हता, माकड नव्हतं, ती होती आणि तो होता. लॉरकनने भिंतीवरच्या विदूषकाच्या केसांवरून काहीतरी काढलं. ब्रोना हसली, पण ते मोठ्या माणसांचं हसणं होतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसतात तसं. बटाट्याचे काप संपले. "शाळा कशी चाललीय?" लॉरकनने विचारलं. ती म्हणाली, "बरी."

पुढे कधी तिचे सामने असायचे, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. दर रविवार होता तो एकाआड एक झाला, मग महिन्यातून एकदा. तक्रार कोणाकडे करणार? मुलं मोठी होतात. दुकानात गिऱ्हाइकांना तो स्वतःच समजावायचा, "अहो, त्या वयात त्यांना आपण दिसतच नाही. माझीच पोरगी बघा ना." आणि तीच पोरगी त्याला दोन-दोन महिने दिसलेली नसायची, ते तो सांगत नसे.

मग वसंतातल्या एका शनिवारी रात्री ब्रोनानेच फोन केला. घरमालकिणीचा फोन खाली जिन्याशी होता. "डॅडी, उद्या आपण संग्रहालयात जाऊ या?" लॉरकनला पायऱ्या चढताना दम लागला नाही. दुसरा दिवस रविवारच होता, तरी संग्रहालय उघडं आहे की नाही ते त्याने दोनदा विचारून घेतलं.

कोइनने टोपीला हात लावला. "इन्स्पेक्टर! फार दिवसांनी तपासणी."

ब्रोना हसली आणि सरळ वर गेली, अगदी वरच्या सज्जात, जिथे काचेच्या कपाटात पक्षी आहेत आणि फारसं कोणी येत नाही. खाली देवमाशाच्या पाठीचा कणा दिसत होता. लॉरकनने सुरुवात केली, "ह्या बगळ्याला म्हणावं..."

"डॅडी, आम्ही जाणार आहोत."

"कुठे?"

"बर्मिंगहॅमला. मावशीकडे. मम्मीला तिथे काम मिळालंय. शाळा संपली की."

त्या वर्षांत अर्धा देश बोटीत बसून जात होता. दुकानातल्या प्रत्येक दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कोणी ना कोणी गेलेलं. लॉरकनला सगळं माहीत होतं, काय म्हणायचं तेही. 'तिथे पगार चांगला असतो हो,' असं तो रोज म्हणायचा.

"तिकडचे न्हावी भलते महाग, ऐकलंय मी," तो म्हणाला. "केस वाढव."

ब्रोना कपाटाच्या काचेकडे बघत राहिली. "तू काहीच म्हणत का नाहीस?"

"म्हटलं की आत्ता."

"ते नाही, डॅडी."

त्याला पुष्कळ म्हणायचं होतं. जाऊ नकोस, हे म्हणायचा हक्क आपला आहे का, इथपासून सुरुवात होती. महिन्यातून एकदा भेटणाऱ्याने 'माझं कसं होईल' म्हणायचं कोणत्या तोंडाने? त्याने पुढे होऊन तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. तिथे थंडी नव्हती, आणि ती काही सहा वर्षांची नव्हती. तिने लावू दिलं.

बोट सुटली त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. एका माणसाच्या कानाला लॉरकनची कात्री लागली. एवढंसं रक्त आलं, पण इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गिलूलीने स्वतः फडकं आणून दाबलं, गिऱ्हाइकाची माफी मागितली, मग लॉरकनला हळूच म्हणाला, "घरी जा रे."

"घरी कशाला?" लॉरकन म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

पुढच्या रविवारी जेवण झालं आणि त्याचे पाय आपोआप बसच्या थांब्याकडे वळले. जाणार दुसरीकडे कुठे? खोलीत बसलं की शेजारच्या खोलीतला रेडिओ भिंतीतून ऐकू यायचा, आणि त्यात हसणारी माणसं. संग्रहालयात निदान उभं राहायला जागा होती. तो कपाटांपुढून फिरायचा, इस्त्रीचे शर्टवाले दिसले की मान हलवायचा. तेही हलवायचे, पण त्यांची नजर आधी त्याच्या रिकाम्या हाताकडे जायची.

एका रविवारी पांढऱ्या अस्वलापुढे एक चिमुरडी उभी होती. अस्वलाच्या कपाळावर गोळीचं भोक आहे, ते तिला दिसलं होतं. "त्याच्या डोक्याला काय झालंय?" तिने मोठ्याने विचारलं. कोणाला विचारलं ते कळत नव्हतं.

"भांग चुकला त्याचा," लॉरकन मागून म्हणाला. "नवशिक्या न्हाव्याकडे गेला होता."

पोरगी खिदळली. तेवढ्यात तिची आई आली आणि पोरीला खांद्याला धरून आपल्याजवळ ओढून घेतलं.

"तुमचं मूल कुठेय?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"इंग्लंडला," लॉरकन म्हणाला.

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोरीला घेऊन जिन्याकडे गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. लॉरकनला तेच जास्त लागलं. खरंच, आपण कोण? मुलांच्या जागेत एकटा फिरणारा एक पुरुष.

तो जायचा थांबला. रविवारी पलंगावर पडून राहू लागला. कपडे बदलायचे नाहीत, दाढी करायची नाही. न्हाव्याने.

काही आठवड्यांनी दुकानाचं दार उघडलं आणि कोइन आत आला. गणवेश नाही, टोपी नाही. लॉरकनने आधी ओळखलंच नाही. टोपीखाली त्याचं डोकं पार गुळगुळीत होतं, कानामागे दोन पांढऱ्या झालरी तेवढ्या. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जे आहे ते कापा."

लॉरकनने चादर गुंडाळली. हवेबद्दल एक वाक्य बोलला आणि थांबला.

"दिसला नाहीत," कोइन आरशातून म्हणाला.

"वेळ नव्हता."

"हं." कोइनने मान जरा पुढे केली. "मी बघितलं होतं त्या दिवशी. त्या बाईला मी सांगितलंही असतं, पण काय सांगणार? हे आमच्यातलेच, असं?"

लॉरकन कंगव्याने दुसरी झालर सारखी करू लागला.

"सोमवारी या म्हटलं असतं, त्या दिवशी तुमचं दुकान बंद. पण सोमवारी आम्हीही बंद." कोइनने नाक खाजवायला चादरीखालून हात काढला. "रविवारी बंद व्हायच्या जरा आधी या. पोरं घरी गेलेली असतात तेव्हा. मलाही त्या वेळी कोणी नसतं. नुसतं उभं राहून पाय भरून येतात."

मग लॉरकन त्या वेळेला जाऊ लागला. बापलोक मुलांच्या कोटांची बटणं लावत बाहेर पडत असायचे तेव्हा हा आत शिरायचा. कोइन आणि तो पाणघोड्याजवळ उभे राहायचे. कोइनची बायको कधीच वारली होती, हे त्याने एकदाच सांगितलं, मग बोलणं घोड्यांच्या शर्यतीवर गेलं. कोइन निवृत्त झाल्यावर वेक्सफर्डला बहिणीकडे राहायला गेला. त्याच्या जागी एक तरुण मुलगी आली. ती वेळ संपत आली की घंटी वाजवायची आणि लॉरकनला 'सर' म्हणायची. तरी तो जातच राहिला. का, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. रविवार होता म्हणून.

ब्रोना नाताळला कार्ड पाठवायची, फोन करायची. शिकली, बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ झाली. फोनवर ती विचारायची, "काय जेवलास?" तो म्हणायचा, "सगळं." तिचे उच्चार तिकडचे झाले होते.

मिसेस हॅलिगन वारल्या तेव्हा ती आली. चर्चमध्ये इमेल्डा एका सभ्य, चष्मेवाल्या इंग्रजाबरोबर बसली होती. लॉरकन मागच्या बाकावर बसला. बाहेर पडताना इमेल्डाने त्याचा हात हातात घेतला. "बारीक झालास, लॉरकन." तो म्हणाला, "तू छान दिसतेस." आणि ते खरंच होतं.

दुसरा दिवस रविवार होता. ब्रोनाची परतीची बोट सोमवारी. लॉरकनने शर्टाला इस्त्री केली, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात तिचा चहा संपत आला तेव्हा म्हणाला, "मग? जायचं का?"

"कुठे?"

"आपल्या जागी. मेरियन स्ट्रीटला."

ब्रोनाने कप खाली ठेवला. चमचा सरळ केला. "डॅडी, रागावू नकोस. मला ती जागा कधीच आवडली नाही."

"कधीच?"

"मला भीती वाटायची. त्या काचेच्या डोळ्यांची. रात्री स्वप्नं पडायची, आजी मला तिच्या पलंगावर घ्यायची. कपड्यांना तो वास लागायचा."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू तिथे बोलायचास ना. बसमध्ये नाही, बागेत नाही, फक्त तिथे. पायरी चढली की तुझं तोंड सुरू व्हायचं. मी म्हटलं, ह्याला मेलेली जनावरं फार प्रिय आहेत. जाऊ दे."

"मला?" लॉरकनचा आवाज इतका चढला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वळवली. "मला तर त्या वासाने मळमळायचं! तुला आवडतं म्हणून मी..."

मग ब्रोना हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने कागदी रुमालाने पुसलं, पुन्हा हसली. मग बराच वेळ नुसतं पुसतच राहिली.

"मी गेल्यावर सुटला असशील म्हणजे," ती म्हणाली. "पुन्हा काही पाऊल टाकलं नसशील तिथे."

"छे," लॉरकन म्हणाला. "मी कशाला जातोय?"

त्या दिवशी ती दोघं समुद्राच्या बांधावरून चालत गेली. वारा एवढा होता, की बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून कोणी बोललं नाही. परतताना ती त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "नाताळला ये माझ्याकडे!"

"बघू!"

"तुझं बघू म्हणजे नाही!"

नाताळला तो नाहीच गेला. गिलूली गेल्यावर दुकान पुतण्याने घेतलं होतं, आणि नव्या मालकाकडे सुट्टी मागायचं त्याच्या जिवावर आलं. गेला तो फेब्रुवारीत. बोटीत उलट्या झाल्या. ब्रोनाचं घर दोन खोल्यांचं होतं, रेल्वेच्या रुळांजवळ. शनिवारी तिने त्याला शहर दाखवलं, कालवे, बाजार. तो सगळ्याला "छान आहे" म्हणत होता आणि मनात एकच धाकधूक होती, की उद्या रविवार. उद्या कुठे जाणार?

रविवारी सकाळी तो एकटाच चर्चमध्ये मिस्साला जाऊन आला. परत आला तर ब्रोना जुन्या स्वेटरमध्ये बटाटे सोलत होती. त्याने कोट काढला नाही, दारातच उभा राहिला.

"बस ना," ती म्हणाली.

"कुठे जायचंय का?"

"कुठे जाणार, एवढ्या थंडीत?"

ती दोघं जेवली. तिने भांडी घासली, त्याने पुसली. मग ती आठवड्याचे कपडे घेऊन इस्त्रीला बसली आणि त्याने पेपर उघडला. एकदा त्याच्या लक्षात आलं, की आपण पेपरामागे आहोत, आणि त्याने घाईने पेपर खाली केला. ब्रोनाने वर बघितलंसुद्धा नाही. रेडिओवर कोणीतरी बागकामाबद्दल बोलत होतं. "मॅच कधी आहे?" तिने मध्येच विचारलं. त्याने पेपरात बघून सांगितलं. खिडकीखालून गाडी गेली, कप थरथरले. कधीतरी त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. अंगावर शाल होती. ब्रोना नव्हती. इस्त्रीचं टेबल मिटून भिंतीशी ठेवलेलं, रेडिओ बंद. क्षणभर त्याला कळेना आपण कुठे आहोत. परक्या खुर्चीत, परक्या गावात, सायंकाळी एकटे. उठावं, कोट घालावा आणि कुठेतरी निघून जावं असं वाटलं.

तेवढ्यात दाराच्या कुलपात बाहेरून किल्ली फिरली.

लॉरकन दाराकडे बघत राहिला. रॅथमाइन्सच्या खोलीत इतक्या वर्षांत त्याने हा आवाज आतून कधी ऐकला नव्हता. किल्ली एकच होती, आणि ती नेहमी त्याच्याच खिशात असायची.

ब्रोना दुधाची बाटली आणि पाव घेऊन आत आली, नाक थंडीने लाल झालेलं. तिने दिवा लावला.

"उठलास? घोरत होतास किती! चहा टाकते."

"टाक," लॉरकन म्हणाला, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून पाय आखडून घेतले.